सात नंबरची घंटा

"वेणी!"

एवढंच ओरडणं तिला ऐकू आलं, आणि शेजारचं आठ नंबरचं मशीन खटकन थांबलं.

ती स्टुलावर चढून सात नंबरच्या चाकावर पांढरी पट्टी चिकटवत होती. जीभ दातांत, एक डोळा बारीक, सगळा जीव त्या बोटभर पट्टीत. आपली वेणी खांद्यावरून घसरून आठ नंबरच्या फिरत्या रिळांवर लोंबकळतेय, हे तिच्या गावीही नव्हतं. तिनं वळून पाहिलं, तर तेलकट हातांचा एक माणूस मशीन चालू-बंद करायच्या दांड्यावर हात ठेवून उभा होता. चांगलाच घाबरला होता, पण तोंडावर तसं दाखवत नव्हता.

"मशीनला काय कळतंय?" तो म्हणाला. "त्यानं तुमच्या वेणीचीही बुटाची लेस विणली असती. काळी, जाड, दीड हात लांब... खपलीही असती म्हणा."

आभार मानायचे सोडून ती म्हणाली, "दोन हात."

"काय?"

"वेणी दोन हात आहे. दीड नाही."

त्यानं मान किंचित वळवली, तिच्याकडे तिरकं पाहिलं आणि हसला. ती वेणी पाठीवर टाकून पुन्हा पट्टीकडे वळली... पण पट्टी वाकडी चिकटली. नंतर तिनं ती दोनदा काढली, दोनदा लावली.

कारखाना बुटांच्या लेसचा होता. एका लांब शेडमध्ये दोन रांगांत चाळीस मशीनं. प्रत्येकावर सोळा रिळं एकमेकांना चुकवत गोल गोल धावायची, मधोमध लेस विणली जायची आणि वरचं चाक ती हळूहळू ओढून घ्यायचं. एक धागा तुटला की मशीन आपोआप थांबायचं. थांबायचं तेही गुपचूप! एकोणचाळीस मशीनांच्या खडखडाटात चाळिसावं गप्प झालेलं कळणार कुणाला? मशीनं सांभाळणाऱ्या दोघीच होत्या, सख्ख्या जावा, थोरली आणि धाकटी. त्या एका टोकाला गाठी मारत असल्या की दुसऱ्या टोकाचं मशीन अर्धा अर्धा तास झोपून राही.

कळायचं ते एकट्या फिटरला, त्या तेलकट हातांच्या माणसाला. तो चहाचा घोट घेता घेता म्हणे, "एकवीस थांबलं," आणि एकवीस थांबलेलं असे. म्हणून शेडमध्ये त्याला सगळे कानसेन म्हणत.

आणि आता कानसेनाच्या कानांना सवत आणायला ही आली होती.

सहा वर्षं ती मामाच्या दुरुस्तीच्या दुकानात लोकांचे मिक्सर आणि इस्त्र्या उघडत होती. थांबलेलं मशीन ओळखणाऱ्या या अलार्मची कल्पना तिची, जोडणी तिची, हातावरचे सोल्डरिंगचे चटकेही तिचेच. चाकावर पांढरी पट्टी, तिच्यासमोर सेन्सरचा इवलासा डोळा. चाक फिरलं की दर फेरीला पट्टी डोळ्यासमोरून जाणार. वीस सेकंदांत ती दिसली नाही, तर मशीन बंद! मग शेडच्या टोकाला असलेल्या काचेच्या केबिनमध्ये त्या नंबरचा दिवा लागणार आणि भिंतीवरची घंटा मशीन पुन्हा सुरू होईपर्यंत वाजत राहणार.

"जमलं तर दुकानाच्या पाटीवर तुझं काम लिहू," मामा म्हणाला होता. "नाही जमलं तर इस्त्र्या आहेतच."

कारखान्याच्या मालकीणबाईंची अट त्याहून रोखठोक होती. "पंधरा दिवस बघेन. थांबलेलं एकही मशीन सुटता कामा नये. खोटी घंटा तीनदा चालेल. चौथ्यांदा वाजली की सामान उचलायचं. आणि प्रत्येक घंटेची वहीत नोंद. नंबर, वेळ, कारण, उपाय. लिहायचं तुम्ही, सही फिटरची."

पहिला दिवस ढगाळ होता, पण छान गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी घंटा वाजली. सात नंबर.

ती वही घेऊन धावली. मशीनांच्या मधून वाट काढत शेडचं दुसरं टोक गाठेपर्यंत घंटा थांबलीही. सात नंबर मजेत चालू होतं. त्याच्यापासून दोन पावलांवर फिटरचं टेबल, आणि टेबलाशी फिटर चिंधीला हात पुसत उभा.

"बंद पडलं होतं?" तिनं विचारलं.

त्यानं मान वळवून, तिच्याकडे झुकून ऐकलं. मग गालातल्या गालात हसत म्हणाला, "तुम्ही म्हणता तर पडलं असेल."

"म्हणजे?"

"म्हणजे घंटा तुमची. तिच्यावर मी कसा अविश्वास दाखवू?"

"मग... कारण काय लिहू?"

"तुम्हाला जे सुचेल ते लिहा, मॅडम. मी सही करतो."

हे असं कुणी बोलतं का? तिनं वहीत 'धागा तुटला' लिहिलं. त्यानं खाली ऐटीत सही ठोकली. परत जाताना तिच्या मनात आलं, रिळं तर सगळी नीट होती. मग तुटला कुठला धागा?

तिसऱ्या दिवशी, चार-दहा. सात नंबर. चौथ्या दिवशी, पुन्हा तेच. दर वेळी ती पोचायच्या आत मशीन सुरू, तो हसतमुख, आणि उत्तर सरळ म्हणून नाही.

"सात नंबरला दृष्ट लागलीय गं बाई," थोरली तिसऱ्या मशीनवरून ओरडली. "रोज ठरल्या वेळेला ताप भरतो!"

"दृष्ट सातला लागलीय की सातच्या शेजाऱ्याला, ते बघावं लागेल," धाकटीनं पुस्ती जोडली, आणि दोघी जावा एकमेकींना टाळी देऊन हसल्या.

तेव्हा कुठे तिच्या डोक्यात प्रकाश पडला. दांडा त्याच्या हाताशी आहे. तो मशीन बंद करतो. ती येताना दिसली की चालू करतो. का? तर... ती यावी म्हणून!

कानशिलं तापली. छे, असं कुठे असतं! पण दुसरं काय असणार? एक तर अलार्म खोटा, नाहीतर हा माणूस. अलार्म खोटा असेल तर आपण गेलो कामातून. माणूस खोटा असेल तर... तर काय? तर बरंच आहे की! आपल्याला नक्की काय हवंय, हेच तिला कळेना. पण पाऊण वाजता जेवतानाच तिची नजर घड्याळाकडे जायला लागली होती, हे खरं.

"खोटी किती वेळा वाजली?" रात्री मामानं विचारलं.

"एकदाही नाही," ती म्हणाली आणि भरलेल्या पेल्यात आणखी पाणी ओतत बसली.

पाचव्या दिवशी मालकीणबाईंनी वही चाळली. "सातचा धागा रोज तुटतो? तोही घड्याळ लावून?"

तिनं वही उचलून काखोटीला मारली. चार-दहाची घंटा झाली तशी ती तणतणत गेली. "हे बघा, हा खेळ आता थांबायला हवा. माझं काम आहे हे."

फिटरचं हसू मावळलं. "थांबवायचाय? ...ठीक आहे. तुमची मर्जी."

म्हणजे कबूलच केलं की यानं! ती जिंकल्यासारखी परत आली, आणि केबिनमध्ये बसल्यावर उगाचच उदास झाली.

सहाव्या दिवशी आभाळ भरून आलं होतं. शेडमध्ये दिवसाही दिवे लावावे लागले. चार-दहा झाले, चार-वीस झाले. सात नंबरचा दिवा लागला नाही. 'सुटले,' ती स्वतःशी म्हणाली.

सातव्या दिवशीही तसंच मळभ. इतर मशीनं थांबत होती, घंटा खणखणत होती, खरे धागे खरोखर तुटत होते. फक्त सात नंबर गप्प. साडेचारला तिला राहवेना. स्क्रू घट्ट करायचं निमित्त करून ती गेली. तो टेबलावर वाकून कानस घासत होता. ती त्याच्या डाव्या बाजूला उभी राहिली.

"रागावलात का?" तिनं हळूच विचारलं.

त्यानं मानही वर केली नाही. घासतच राहिला.

ती आल्या पावली परत गेली. डोळे का भरून आले, तिला कळलं नाही. ज्या माणसाचं नाव काढलं की दोन जावा फिदीफिदी हसतात, त्यानं बोलायचं टाकलं तर आपलं काय बिघडलं? बिघडलं होतं खरं. खूपच बिघडलं होतं.

आठव्या दिवशी लख्ख ऊन पडलं. चार वाजून आठ, नऊ... दहा. ट्रिंग! सात नंबर!

केबिनच्या काचेत बघून तिनं वेणी सारखी केली आणि गेली. धावत नाही हं, चालत. पण भरभर. तो वाटच बघत होता.

"वाजली!" तो म्हणाला. चेहरा असा की परीक्षेचा निकाल लागलाय.

"वाजली," तीही हसली.

"मला वाटलं, आता कधी वाजणारच नाही."

"मलाही..." ती म्हणाली आणि मग नुसतीच वहीत बघत राहिली. लिहिलं अर्थात 'धागा तुटला'. सही झाली. पेन परत देताना दोघांची बोटं नको तेवढा वेळ पेनावर राहिली.

त्या संध्याकाळी तिनं ठरवलं, बास. उद्या ह्याला रंगेहाथ पकडायचं. एकदा पकडलं की कबूल करावंच लागेल. मशीन बंद का करता, तर तुम्ही याव्यात म्हणून... हे त्याच्या तोंडून ऐकायचंच.

नवव्या दिवशी चार-पाचलाच ती सात नंबरपाशी हजर झाली.

"आज आधीच?" तो दचकला.

"हात वर करा."

"काय?"

"दोन्ही हात. मला दिसतील असे."

त्यानं निमूट हात वर केले. बोटांना तेल, अंगठ्याला पट्टी. थोरली गाठ मारायची सोडून बघत राहिली. चार-सात. चार-आठ. तो हात वर करूनच कुजबुजला, "पण तुम्ही इथे आहात, तर आता वाजणार कशी?"

"तेच तर बघायचंय."

चार-दहा. घंटा वाजली!

दोघं एकमेकांकडे बघत राहिले. सात नंबर सुरळीत चालू होतं. त्याचे हात वर, तिच्या हातात वही. कुणीही कशालाही हात लावला नव्हता.

"मग बटण कुणी दाबलं?" तो म्हणाला.

"कसलं बटण?"

"केबिनमधलं. घंटा वाजवून बघायचं. ते तुम्ही रोज... चार-दहाला..." त्याचे हात हळूहळू खाली आले. "म्हणजे तुम्ही दाबत नव्हता?"

"मी कशाला दाबू? तुम्ही मशीन बंद करत नव्हता?"

"मी कशाला बंद करू?"

तेवढ्यात तिला चाकावरचा उजेड दिसला. छताच्या पत्र्याला पडलेल्या भोकातून उन्हाची तिरीप उतरली होती, धाग्याची बारीक धूळ तिच्यात तरंगत होती, आणि ती नेमकी चाकावर आणि सेन्सरच्या डोळ्यावर पडली होती. चाक नि पट्टी दोन्ही सारखीच झगझगीत. पांढरी पट्टी त्यात दिसणार कशी? तिनं तिरिपेत तळवा धरला. घंटा थांबली. तळवा काढला. थोड्या वेळानं पुन्हा वाजू लागली.

त्यानं आपला तेलकट तळवा तिच्या तळव्यावर धरला. घंटा पुन्हा थांबली. मिनिट-दीड मिनिटात ऊन सरकून जमिनीवर गेलं. रोज तिला शेड ओलांडायला लागे, तेवढ्याच वेळात.

मळभ. दोन दिवसांचं मळभ! तिच्या सगळं लक्षात आलं, आणि जमीन दुभंगेल तर बरं असं झालं. एका झटक्यात अलार्म खोटा निघाला होता आणि त्याचं प्रेमही. तिनं हात खेचून घेतला.

"मग तुम्ही सही का करत होता?" तिनं जवळजवळ रडत विचारलं. "धागा तुटला नाही, हे माहीत असून?"

"तुमची घंटा खोटी ठरू नये म्हणून. तुम्ही का लिहीत होता?"

"तुम्ही मशीन बंद करता, हे कुणाला कळू नये म्हणून!"

"पण मी करतच नव्हतो."

"हो ना!"

तिनं वही उघडली, पाचही ठिकाणचा 'धागा तुटला' खोडला, आजची सहावी नोंद केली आणि सगळीकडे लिहिलं, 'ऊन'.

"अहो, थांबा," तो म्हणाला. "डोळ्यावर टोपी बसवली की झालं. कुणाला कळणार आहे?"

"मला कळलंय ना," ती म्हणाली आणि वही छातीशी धरून मालकीणबाईंच्या खोलीत गेली.

मालकीणबाईंनी चष्मा खाली सरकवून वही वाचली. "सहा वेळा खोटी. अट तीनची होती."

"हो."

"आधीचं 'धागा' कुणी लिहिलं होतं?"

"मी."

"आणि सही?"

"माझी," दारातून आवाज आला. फिटर आत आला, तेलकट हात पाठीमागे धरून. "बाई, एक सांगायचंय. या नऊ दिवसांत घंटेनं एकोणतीस मशीनं बरोबर पकडली. त्यातली अकरा मला कळलीच नव्हती."

"तुला?" मालकीणबाईंनी चष्मा पार काढलाच. "कानसेनाला?"

"डावा कान गेलाय, बाई. वर्ष झालं. कुणाला बोललो नाही. लोक कौतुकानं नाव घेतात, तर... लाज वाटायची." त्यानं घसा खाकरला. "घंटा राहू द्या. मला तिची गरज आहे."

तिनं चमकून त्याच्याकडे पाहिलं. म्हणजे परवा ती डाव्या बाजूला उभी होती, आणि त्याला ऐकूच आलं नव्हतं!

मालकीणबाईंनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग म्हणाल्या, "उद्यापासून नव्यानं आठ दिवस. या वेळी खोटी एकदाही नको. आणि तू आधी कानाच्या डॉक्टरकडे जा."

बाहेर आल्यावर तिनं विचारलं, "म्हणजे तुम्ही बोलताना मान वळवायचात, ते..."

"उजवा कान पुढे करायला."

"अच्छा," ती म्हणाली. ती तिरकी नजरही आपली नव्हतीच तर! राहिलं काय मग?

दुसऱ्या दिवशी सकाळी तो धाग्याचे रिकामे कागदी कोन घेऊन बसला. प्रत्येकाचं टोक कापून, आतून काळा रंग लावून त्यानं चाळीस टोप्या केल्या. तिनं त्या चाळीस डोळ्यांवर बसवल्या. दोघं एकमेकांशी फक्त मापाचं बोलले. "अर्धं बोट कमी." "बरं." "आता?" "आता ठीक."

टोप्या उत्तम होत्या. ऊन यायचं, चाकावरून सरकायचं, निघून जायचं. चार-दहाला केबिनमध्ये काहीही व्हायचं नाही. एक दिवस, दोन दिवस, पाच दिवस. काम फत्ते होत होतं आणि तिला जेवण जात नव्हतं. सात नंबरकडे जायचं म्हटलं तर कशाला जायचं? घंटा वाजली नाही, तर वही नाही. वही नाही, तर सही नाही. त्यानं तरी का यावं?

आठवा दिवस. शेवटचा. टेबलावर मालकीणबाईंच्या सहीचा होकार तयार होता, फक्त पाच वाजायचे होते. चार वाजून दहा मिनिटांनी सात नंबरचा दिवा लागला. घंटा वाजू लागली.

खोटी! शेवटच्या तासाला! टोपी सरकली की काय? ती वही घेऊन जीव खाऊन धावली, स्टुलाला अडखळली, उठली, पुन्हा धावली.

सात नंबर बंद होतं.

खरोखर बंद. सोळाही रिळं जागच्या जागी, सगळे धागे शाबूत, टोपी नीट. आणि दांड्यावर फिटरचा हात.

"हे काय?" ती ओरडली. घंटेच्या आवाजात तिचं तिलाच ऐकू आलं नाही. त्यानं काहीतरी म्हटलं, तेही घंटेनं गिळलं. मग त्यानं तिच्या हातातली वही घेतली, कानावरचं पेन काढलं आणि लिहायला लागला. आजवर कारण ती लिहायची. आज पहिल्यांदा त्यानं लिहिलं. अक्षर वाकडंतिकडं, रकाना अरुंद, त्यामुळे मजकूर 'उपाय'च्या घरात घुसला होता.

'सात नंबर. चार-दहा. घंटा खरी. कारण: फिटरनं मुद्दाम बंद केलं. चार-दहाला तुम्ही येत नाही, करमत नाही. मान वळवायचो ती फक्त पहिले दोन दिवस कानासाठी.'

तिनं एकदा वाचलं. पुन्हा वाचलं. मग त्याच्याकडे पाहिलं. त्याचा चेहरा असा पडला होता, की सही मागायची का माफी, हेच त्याला ठरवता येत नव्हतं. तिनं त्याच्या हातातलं पेन घेतलं. 'उपाय'च्या घरात जेमतेम एका ओळीची जागा उरली होती. तेवढ्यात तिनं बारीक अक्षरात लिहिलं,

'रोज येईन. तू मशीन चालू ठेव.'

त्यातला 'तू' त्यानं दोनदा वाचला. मग तिच्याकडे पाहिलं, मान न वळवता, अगदी समोरून.

घंटा वाजतच होती. मशीन सुरू केल्याशिवाय थांबायची नाही, अशीच तिनं ती बनवली होती. मालकीणबाई खोलीच्या दारात येऊन उभ्या होत्या. धाकटी तोंडावर हात ठेवून हसत होती. दांडा दोघांच्याही हाताशी होता.

"अगं ए, कानात बोळे घालून उभे राहू का आम्ही?" शेवटी थोरली शेडच्या त्या टोकावरून किंचाळली. "कुणीतरी ते मशीन चालू करा!"